चिमटाबाईंचं काळीज

आमच्या भिंतीपलीकडे चिमटाबाई राहतात. भिंत सामाईक आणि माझे कान शाबूत, तेव्हा पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं कानांनी पाहिलेलं आहे असं समजा. बायको म्हणते, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये." मी नाक कुठे खुपसतो? फक्त कान टेकवतो.

चिमटाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या जोरावर कमावलेलं. गल्लीतला एकही दंड त्या बोटांची चव चाखल्याशिवाय राहिलेला नाही. भाजीवाल्याने मापात मारलं, चिमटा. दूधवाल्याने पाणी घातलं, चिमटा. मी एकदा कुंपणावरून वाकून "काय बाई, आज फुलं आमच्याकडे पाठ करून उभी?" एवढंच विचारलं, तर माझ्या दंडावर जांभळं वांगं उगवलं.

पण त्या बोटांचं खरं काम डेलियाच्या वाफ्यात असायचं. रोप वीतभर वाढलं, पानांच्या चार जोड्या बसल्या की बाई त्याचा शेंडा पकडायच्या आणि कट! मान मोडल्याचा बारीक आवाज यायचा. "डोकं उडवलं की झाड शहाणं होतं," त्या म्हणायच्या. "बाजूने फुटवे काढतं. माणसांचंही तसंच आहे, पण कायदा आड येतो." संध्याकाळी हातात कात्री घेऊन त्या गोगलगायी शोधायच्या आणि जिथे सापडेल तिथे मधोमध दोन तुकडे करायच्या. मीठबीठ टाकून मारायचा भेकडपणा त्यांना मान्य नव्हता. "मरणाऱ्याला कळलं पाहिजे कोणी मारलं ते."

फूल म्हणाल तर एकाच जातीचं. ताटलीएवढं, गडद तांबडं, मधोमध जवळजवळ काळं. बाईंचे वडील खाटीक, आई खाटकाची बायको. तिने परातीत पडलेल्या ताज्या काळजाचा रंग पाहिला आणि फुलाचं नाव ठेवलं 'काळीज'. ही जात बाहेर कुठे मिळत नाही. बी लावलं तर भलतंच काहीतरी उगवतं, फिकं, बावळट. काळीज पुढे न्यायचं तर जमिनीतला कंद जपायचा, एवढा एकच रस्ता. थंडीआधी काढायचा, कोरड्या भुशात निजवायचा, उन्हं तापू लागली की परत लावायचा. एक हिवाळा चुकला की जात संपली. आईचं मागे राहिलेलं जिवंत असं तेवढंच होतं.

बाप पट्ट्याने मारायचा. बायकोला, मुलीला, मुलाला, कधी कधी टांगलेल्या बकऱ्यालाही. एका हिवाळ्यात त्याने जिन्याखालची कंदांची पेटी उचलून रस्त्यात भिरकावली, तर आईने त्याच्या हाताला कडाडून चावा घेतला. तो ओरडत होता, ती सोडत नव्हती. शेवटी लहानग्या चिमटाबाईंनीच आईचं नाक चिमटीत धरून तिचं तोंड उघडवलं. बापाच्या मनगटावर दातांची अर्धगोल खूण मरेपर्यंत राहिली. पेटीला मात्र पुन्हा त्याने हात लावला नाही.

पुढे बाईंचं लग्न झालं तेही हात उचलणाऱ्याशीच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. तो काही काळ मारत राहिला. मग एका दुपारी बाई वाफ्यात आधाराच्या काठ्या ठोकत असताना त्याने मागून त्यांचे केस धरले. बाईंच्या हातात लाकडी मोगरी होती. बाईंनी वळूनही न पाहता खांद्यावरून हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या घरात ऐकला; आधी वाटलं काठी मोडली. नवरा गळ्याशी हात बांधून गेला तो गेलाच. बाईंनी उरलेल्या काठ्या ठोकल्या आणि मग चहा केला.

आता भावाकडे येऊ, कारण सगळं रामायण त्याच्यापाशी आहे. धाकटा भाऊ. बापाचं दुकान त्याला मिळालं, बापाचा सत्तूरही मिळाला, आणि गल्ली त्याला सत्तूर याच नावाने ओळखते. हाताचा तराजू असा, की मांसाचा तुकडा एका घावात अर्धा करील आणि दोन्हीकडे गुंजभर फरक पडायचा नाही.

आई गेली ती पानगळ संपताना. शेवटच्या आठवड्यात तिने धाप लागत असताना काळजाच्या कंदांचा मोठा गड्डा खणून काढला होता. ती गेल्यावर सत्तूर बहिणीच्या दारात उभा राहिला.

"ताई, आईचं जे असेल ते अर्धं-अर्धं."

"दुकान अर्धं केलंस का रे मुडद्या?"

"दुकान बापाचं. हा गड्डा आईचा."

बाई म्हणाल्या, "आत्ता नको. आत्ता कोंबाचे डोळे दिसत नाहीत. उन्हं तापली की कंदाला डोळे फुटतील, मग बघून कापू."

"म्हणजे तोवर तू गायब करणार."

त्याने गड्डा ओट्यावर ठेवला, दोन्ही हातांनी तोलला, आणि खाड! एकच घाव. वजनाला बरोब्बर अर्धा. आणि खाटकाची जात ती, मांस पाहून जिभेला पाणी सुटतं. गुबगुबीत कंद लगडलेली बाजू त्याने उचलली, आणि जुन्या वाळक्या देठाचं खोड, त्याला चिकटलेले दोन-चार सुरकुतलेले कंद, ते बहिणीकडे सरकवलं. "हाडकाची बाजू तुझी."

आता गंमत बघा. डेलियाचा डोळा त्या हाडकातच असतो. कंद कितीही गुबगुबीत असो, जुन्या देठाचा टवका त्याच्या मानेला नसेल तर तो आंधळा. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी हाडूक पदरात घेतलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाईंकडे कोंब आले. सत्तूरकडे कंदांचा चिखल झाला.

तो आला तेव्हा डोळे लाल. "तू करणी केलीस. उकळतं पाणी ओतलंस. आईचं मारलंस माझ्याकडचं!"

"मी कशाला मारू? मेलेलंच नेलंस तू."

त्याने बाईंना वाफ्यालगतच्या सामाईक भिंतीवर आपटलं. आमच्या बाजूचा आरसा खिळ्यावरून निसटून फुटला, म्हणून मला वेळ बरोबर कळली. बाईंच्या हाताला खणायचा काटा लागला, चार लोखंडी सुळ्यांचा. तो त्यांनी खाली मारला. एक सुळा सत्तूरच्या बुटातून, पायातून, खालच्या मातीत गेला. तो तिथेच खिळलेला, ओरडतोय, आणि बाई म्हणतायत, "हलू नकोस, कोंब तुडवशील."

तेव्हापासून सत्तूर लंगडतो.

मग वर्षानुवर्षं सूड चालला. भल्या सकाळी तो दुकानातली रक्ताची बादली आणून बाईंच्या वाफ्यात उपडी करायचा. झाडं जळावीत हा बेत. गल्लीला वास, माश्यांची जत्रा, बायकोचा माझ्यावर राग. आणि झाडं? त्या रक्तावर अशी माजली की फुलं परातीएवढी झाली! बाई रोज सकाळी दार उघडून भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आज बादली हलकी होती गं बाई."

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी पानगळीत सत्तूरची बायको वारली. साधी बाई, दुकानाच्या पायरीवर बसून वाफ्याकडे बघत असायची. सत्तूर त्या दुपारी बहिणीच्या कुंपणाशी आला. हातात काही नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

"ताई, एक फूल दे. तिच्या छातीवर ठेवायचंय. तिला आवडायचं."

चिमटाबाई खुरपं चालवत राहिल्या. "आंधळे कंद ठेव की. तुझ्या वाटणीचे."

हे त्यांनी बोलायला नको होतं. बाजू कोणाचीही घेत नाही मी, पण नको होतं.

सत्तूर वळला. घरी गेला आणि परत आला तो सत्तूर घेऊनच. पहिल्या झाडाचं डोकं उडालं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. फुलं सगळीकडे उडत होती, आमच्या अंगणात, गटारात, माझ्या पायाशी. देठांतून पाणी उडत होतं. बाई त्याच्या पाठीवर चढल्या, कान चावला, त्याने झटकून खाली पाडलं. शेवटचं एक झाड राहिलं. बाई सरपटत गेल्या आणि त्याच्या बुंध्याला उजव्या हाताने मिठी मारली.

घाव आधीच सुटला होता. सत्तूरचा घाव मध्ये थांबत नाही, तेवढीच तर त्याची ख्याती.

बाई ओरडल्या नाहीत. हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झाड वाचलं का?"

माझ्या बायकोने टॉवेल करकचून बांधला. मी गुडघ्यांवर बसून पाकळ्यांच्या ढिगात अंगठा आणि बोट शोधत होतो. सगळं एकाच रंगाचं. मी जे जे उचलत होतो ते फूल निघत होतं. जेव्हा बोट सापडलं तेव्हा आधी तेही फूलच वाटलं. डॉक्टरांना ती दोन्ही परत बसवता आली नाहीत.

हवालदार दवाखान्यात आला. बाई म्हणाल्या, "छाटत होते, हात निसटला."

"स्वतःचा उजवा हात उजव्याच हाताने छाटलात?"

"मी फार हुशार आहे."

तो गेल्यावर मी विचारलं, "बाई, नाव का नाही सांगितलं?"

"तो आत गेला तर मी मारू कोणाला?"

मग म्हणाल्या, "ऐका. पहिलं पांढरं दहिवर पडलं की कंद काढायला हवेत. जमीन गोठली की आत पाणी होतं त्यांचं. लांबून खणा, देठाजवळून नव्हे. गड्डा देठाने उपटू नका, मान मोडली की कंद मेला." घरी येऊन मी बायकोला सांगितलं, मी खणणार. बायको म्हणाली, "तुम्हाला बटाटा सोलता येत नाही."

दहिवर पडलं त्या सकाळी मी फावडं घेऊन बाहेर आलो, तर वाफ्यात सत्तूर. लंगडा पाय मागे टाकून, ज्या काट्याने तो पाय फोडला होता तोच काटा हातात धरून खणतोय. हातभर लांबून. चारी बाजूंनी हळूहळू माती सैल करत, अगदी आई करायची तसं म्हणे. गड्डा वर आला की पोकळ देठातलं पाणी गळून जावं म्हणून उलटा ठेवायचा.

मी फावडं उगारलं. "हात लावशील तर..."

त्याने मान वर करून पाहिलं. कमरेला सत्तूर होता.

"...तर जपून लाव," मी म्हणालो.

सगळे गड्डे हातगाडीवर घालून तो घेऊन गेला. बाईंची जखम तेव्हा चिघळली होती, तापात त्या मला ओळखतही नव्हत्या. ताप उतरल्यावर मी सांगितलं. त्यांनी पाय खाली सोडले, सपाता घातल्या आणि नर्सला ढकलून निघाल्या. मी मागे. आता हे चुकवणारा माणूस मी आहे का?

दुकानात गिऱ्हाईकं होती. सत्तूर चरबी साफ करत होता. बाईंनी ओट्यावरचा मांस ठेचायचा लोखंडी हातोडा डाव्या हातात घेतला आणि सरळ त्याच्या तोंडावर मारला. नाक एका बाजूला झुकलं. दुसरा घाव दातांवर. एक दात वजनकाट्यात पडला. गिऱ्हाईकं फरशीवरून घसरत पळाली. तिसरा घाव खांद्यावर. सत्तूरने एकदाही हात वर केला नाही, आणि त्याच्या हातात सुरी होती.

"झालं?" तो रक्त थुंकून म्हणाला. "मग आत चल."

त्याने थंडखोलीचं जाड दार उघडलं. आत सोललेली जनावरं रांगेने टांगलेली, आणि त्यांच्यामध्ये, तितक्याच नीटनेटक्या रांगेत, काळजाचे गड्डे. प्रत्येकाच्या सगळ्यात जाड कंदातून लोखंडी आकडा आरपार.

"या वेळी हाडूक सोडलं नाही," तो म्हणाला. फुटक्या तोंडाने, पण अभिमानाने. "देठासकट आणलेत. आणि गोठवले नाहीत, फक्त गारव्यात ठेवलेत. टांगलं की माल टिकतो."

बाईंनी पहिल्या गड्ड्याला हात लावला. आकड्याच्या भोकातून काळा चिकट रस ओघळून मानेपर्यंत गेला होता. बोट आत गेलं, लोण्यात जावं तसं. दुसरा. तिसरा. रस, घाण वास.

"भोसकलेस," बाई म्हणाल्या. आवाज एवढासा. "सगळे भोसकलेस."

"मांसाला..."

"हे मांस नाही रे! जिवंत आहे हे! होतं!" आणि त्यांनी एकेक गड्डा आकड्यावरून ओढून त्याच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. ते फटाफट अंगावर फुटत होते आणि सत्तूर उभा होता, रक्तात आणि चिखलात, लहान पोरासारखा. रांग संपली. बाई एका बकऱ्याला धरून श्वास घेत राहिल्या.

"एक आहे अजून," सत्तूर हळूच म्हणाला. "आकडे संपले होते."

फरशीवर टाकायच्या कोरड्या भुशाचं पोतं बाहेर जिन्याखाली होतं. त्यात त्याने हात घातला आणि एक बारका गड्डा काढला. शेवटच्या झाडाचा. ज्याच्या बुंध्याशी बोटं पडली होती तो. बाईंनी तो डाव्या तळहातावर घेतला, दाबला, हुंगला, कंदांच्या मानांवरून त्याच हाताचा अंगठा फिरवला. टणक होता.

"आईची पेटी याच जिन्याखाली असायची," सत्तूर म्हणाला.

"तोंड पूस," बाई म्हणाल्या. "भुशावर रक्त पाडू नकोस, उंदीर येतील."

गड्डा बाईंच्या घरी आला, पेटीत, भुशात. पण हिवाळाभर मधूनमधून तो उकरून बघावा लागतो. एखादा कंद सडायला लागला तर तेवढा भाग कापून टाकायचा, नाहीतर सड शेजारच्याला खाते. बाईंच्या डाव्या हाताला सुरी चालेना. म्हणून सत्तूर यायचा. भिंतीतून मला ऐकू यायचं.

"कमी काप."

"इथपर्यंत सडलंय, ताई."

"तुझं डोकं सडलंय. कमी काप!" मग धप्प. मग सुरी ओट्यावर चालल्याचा आवाज. मग पुन्हा धप्प, बहुधा उगाचच.

एकेक कंद गेला. उन्हं तापू लागली तेव्हा सुरकुतलेला एकच उरला होता, आणि त्याच्या मानेशी गुलाबी, तांदळाएवढा एकच डोळा. दोघं ओट्याच्या दोन बाजूंना उभे. मी कुंपणापाशी, खिडकीसमोर, माझं काही काम नव्हतं, असाच.

"काप की," बाई म्हणाल्या. "अर्धं-अर्धं ना? हाण."

सत्तूरने सत्तूर ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. तो असा रिकाम्या हाताने उभा राहिला की अर्धा दिसतो.

कंद लावला. रोप आलं, वीतभर झालं, पानांच्या चार जोड्या धरल्या. आणि मग ती सकाळ आली. बाईंनी सवयीने उजवा हात पुढे नेला आणि तिथे धरायला काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. डाव्या हाताने प्रयत्न केला तर रोप मुळासकट हललं.

"अरे ए," बाई ओरडल्या. "मुडद्या! इकडे ये."

सत्तूर लंगडत आला, नाक वाकडं, एक दात गायब.

"शेंडा खुड."

तो खाली बसला. बोटं शेंड्यापर्यंत गेली आणि मागे आली. आयुष्यभरात किती माना कापल्या असतील या माणसाने, त्याची त्यालाही मोजदाद नसेल.

"ताई, एकच आहे. एवढ्यातून एवढंच जगलंय. राहू दे डोकं."

"राहू दिलं तर एकच लांब दांडा वाढेल आणि पहिल्या वाऱ्यात मोडेल. मोड मान."

"नाही होत."

"मोड!" आणि डाव्या हाताची अशी सणसणीत टपली त्याच्या मानेवर बसली की माझीच मान खाली गेली. "वरच्या पानाच्या गाठीखाली धर. पीळ देऊ नकोस. कट कर, एकदाच. जनावराला त्रास देत नाहीस ना तू? मग?"

कट. तोच बारीक आवाज.

सत्तूर शेंडा हातात धरून बसला होता, मेलेलं पिल्लू धरावं तसा. टाकावं कुठे कळेना.

"फेकतोस काय?" बाई म्हणाल्या. "ओल्या वाळूत खोच. सावलीत ठेव. मुळं फुटतात त्याला. तुझ्या दुकानामागे लाव, आई लावायची तिथे."

तो बघतच राहिला.

"बघतोस काय? आईचं अर्धं आहे ते. आणि ऐक, रक्ताची बादली दोन्हीकडे. माझ्याकडे आधी."

सत्तूर उठला, मूठ छातीशी धरून, पाय ओढत निघाला. बाईंनी वाफ्यातलं ढेकूळ उचललं आणि त्याच्या पाठीत हाणलं.

"मूठ सैल धर, मेल्या! गुदमरेल!"